रांगेतला गप्प माणूस

सरकारी ओपीडीत केस पेपर काढला की नंबर मिळतो आणि नंबरानेच आत जायचे असते. ताप-खोकल्याच्या रांगेत ही रीत बहुतेक वेळा निभावते, कारण तिथे ज्याचा जीव धोक्यात आहे तो दिसतो. त्याला धाप लागलेली असते किंवा रक्त वाहत असते, आणि कोणीतरी ओरडून सिस्टरला बोलावते. मानसोपचाराच्या रांगेत डोळे फसतात. मोठ्याने बोलणारा, येरझारा घालणारा रुग्ण सगळ्यांच्या नजरेत भरतो, लोक त्याला पुढेही सोडतात. कोपऱ्यातल्या बाकावर मान खाली घालून बसलेली, ‘झोप येत नाही’ एवढेच सांगायला आलेली बाई मात्र कदाचित त्या दिवशी सर्वांत आधी आत जायला हवी असते. एसटीची वेळ झाली की ती उठून निघून जाते, आणि ती गेल्याचे कोणाला कळतही नाही. म्हणून डॉक्टरांच्या खोलीइतकेच महत्त्व या विभागात दारातल्या पहिल्या टेबलाला आणि पाठपुराव्याच्या वहीला आहे, असे मला वाटते. ही दोन्ही कामे शक्यतो एकाच माणसाकडे असावीत.

पहिल्या टेबलावर रोगाचे निदान करायचे नसते, निकड ओळखायची असते. त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. झोप, भूक, उत्साह यांबद्दल विचारत ती नवव्या प्रश्नाशी येते: मेलेले बरे, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात येतात का? इथे विचारणाऱ्याची जीभ अडखळते. विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात नेमके हेच तपासले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, हा प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत. अर्थात प्रश्न विचारून नुसती बेरीज मांडणे पुरेसे नाही. नवव्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याची एकूण बेरीज कमी असली, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवावे लागते.

पण खरी गळती त्यानंतर होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवते. रुग्णाच्या दृष्टीने औषधाने त्रास वाढलेला असतो, म्हणून तो गोळ्या बंद करतो आणि पुढच्या तारखेला येत नाही. लिथियम घेणाऱ्याचा धोका वेगळा. गुडघा दुखतो म्हणून गावातल्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिले, तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. चूक दोन्ही डॉक्टरांपैकी कोणाचीच नसते. एकाचे औषध दुसऱ्याला कळवणारे कोणी नसते, एवढेच. पाठपुराव्याचे मोल मोजलेलेही आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास केला. त्यातले एक केंद्र चेन्नईत होते. एका गटाला तासाभराची माहिती दिली आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवरून किंवा भेटून विचारपूस केली. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के.

हे काम डॉक्टर नसलेल्या माणसाला झेपेल का, हा आक्षेप रास्त आहे. गोव्यातल्या ‘मानस’ प्रयोगात त्याचे उत्तर सापडते. तिथे २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, २,७९६ रुग्णांचा अभ्यास झाला. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिले होते. रुग्णाशी बोलणे, आजार समजावणे, औषध चालू आहे ना ते पाहणे आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे ही त्यांची कामे. २०१० साली आलेल्या निकालांनुसार सरकारी केंद्रांत, आजाराचे निदान पक्के झालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. हा भाग झाकून पुढे जाणे बरोबर नाही. मला वाटते, वर्षानुवर्षे तेच घर ओळखणारा फॅमिली डॉक्टर आठवण ठेवण्याचे, खडसावण्याचे, बोलावून घेण्याचे काम स्वतःच करत असावा. सरकारी ओपीडीत दर खेपेला समोरचा चेहरा बदलतो, म्हणून तिथे हा माणूस वेगळा नेमावा लागतो.

त्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञच वाढवा, असेही कोणी म्हणेल. वाढवायलाच हवेत. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. तज्ज्ञ घडायला लागणाऱ्या वर्षांत ही माणसे थांबू शकत नाहीत. शिवाय तज्ज्ञ कितीही आले, तरी न आलेल्या रुग्णाला फोन ते करणार नाहीत. हे काम आशाताईंच्या आधीच वाकलेल्या खांद्यावर आणखी एक वही म्हणून टाकणेही अन्यायाचे आहे. त्यासाठी पगाराचे, कायम पद हवे. राहतो प्रश्न गुप्ततेचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि अनेक घरांत बाईने दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. म्हणून पहिल्याच भेटीत तिला विचारून केस पेपरवर लिहून घ्यावे लागते: तुम्ही आला नाहीत तर कोणत्या नंबरवर फोन करू, आणि तो दुसऱ्या कोणी उचलला तर कुठून बोलतोय म्हणून सांगू?