बंबवाल्यांच्या घराची वर्गणी

आग लागली की आपण ९११ फिरवतो. धावून येणारे पगारी असतील, असे आपण धरून चालतो. पण अमेरिकेतले निम्म्याहून अधिक बंबवाले बिनपगारी स्वयंसेवक आहेत. कुणी सुतार, कुणी शिक्षिका. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात काढलेली युनियन फायर कंपनीही अशीच, शेजाऱ्यांची.

आज अनेक गावांतली जुनी फायर स्टेशने अपुरी पडतात. नवे मोठे बंब दारातून आत जात नाहीत. डिझेलचा धूर तिथेच टांगलेल्या कपड्यांत बसतो. नव्या इमारतीला कराचा पैसा पुरत नाही, म्हणून ही माणसे रविवारी पॅनकेक भाजून निधी जमवतात.

गणपतीची वर्गणी आपण हौसेने देतो. ही आपल्या इथल्या गावाची. अंडे चालत नसेल तर नुसती कॉफी घ्या, पण तिकीट काढा. मुलांनाही न्या.