बुरशीपर्यंत उजेड पोहोचला पाहिजे

सोयाबीनची रास सुरू झाली की औसा, लोहा, कंधारकडून डोळ्याला इजा झालेली माणसं दवाखान्यात येऊ लागतात. कुणाच्या डोळ्यात भुस्सा गेलेला, पुढे ऊसतोडीत कुणाच्या बुबुळावर पानाची धार लागलेली. त्या जखमेत बुरशी शिरली तर डोळ्यात फूल पडतं, आणि उशीर झाला तर डोळा जातो. दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून टाकले तर बुरशीला रान मोकळं. म्हणून डॉक्टर बुबुळावरून खरवडलेला नमुना काचपट्टीवर घेऊन आमच्याकडे पाठवतात.

मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर काम करते. या नमुन्यावर आम्ही पोटॅशियम हायड्रॉक्साईडबरोबर कॅल्कोफ्लूर व्हाइट नावाचा रंग घालतो. कापड शुभ्र दिसावं म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या कुळातला हा रंग. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनला तो चिकटतो आणि अतिनील प्रकाश पडला की काळ्या पडद्यावर निळसर पांढरे तंतू उजळतात. अनुभवी नजरेला ते शोधायला फार वेळ लागत नाही. अट एकच, अतिनील प्रकाश नमुन्यापर्यंत पुरेसा पोहोचला पाहिजे.

पुष्कळ ठिकाणी घोडं इथेच अडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली क्षयाच्या तपासणीसाठी एलईडीच्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली आणि अशी यंत्रं सरकारी केंद्रांतून आली. क्षयासाठी ती उत्तमच. पण क्षयाच्या तपासणीतल्या ऑरामाइन रंगाला निळा प्रकाश, सुमारे 450 नॅनोमीटरचा, लागतो. कॅल्कोफ्लूरला हवा 365च्या आसपासचा. शिवाय क्षयाच्या यंत्रातला गाळणकाचेचा संच निळा उजेड अडवून हिरवा-पिवळाच डोळ्याकडे सोडतो. म्हणजे बुरशी उजळलीच, तरी तिचा निळा उजेड वाटेतच अडणार. अशा यंत्रावर नमुना कोरा दिसला म्हणून ‘बुरशी नाही’ असा अहवाल देणं मला फार धोक्याचं वाटतं. त्यावर दुसरा दिवा आणि दुसरा संच दोन्ही बसवावे लागतात.

दिवा योग्य असला तरी वाटेत काचा आहेतच. साधी काच 365 बऱ्यापैकी जाऊ देते. 320च्या खाली मात्र ती प्रकाश गिळू लागते. म्हणून 1904 साली येना इथे ऑगस्ट कोहलर यांनी अतिनील सूक्ष्मदर्शक उभारला तेव्हा त्याची भिंगं क्वार्ट्झची होती. आपल्याला तेवढं नको. पण काही भिंगांतल्या जड काचा 365 सुद्धा बराच शोषतात. फ्लोराइटची भिंगं तो जाऊ देतात. ती महाग असतात, तरी खरेदीच्या यादीत मी त्यांचा आग्रह धरते. त्यातही भिंगावर कोरलेला दुसरा आकडा पाहावा. 40 पटीचं भिंग 0.65 ऐवजी 0.75 चं घेतलं तर चित्र जवळपास पावणेदोन पट उजळ होतं, कारण वरून येणारा आणि परत जाणारा, दोन्ही उजेड त्याच भिंगातून जातात.

पाऱ्याचा दिवा 365वर झकास जळतो. पण 100 वॅटच्या दिव्याचं आयुष्य साधारण 200 तास. त्यानंतर तो पेटत असला तरी उजेड उतरलेला असतो, आणि जुना दिवा फुटायची भीती असते. विझला की थंड होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा हे फार जाणवतं. 365चा एलईडी इन्व्हर्टरवर चालतो, लगेच लागतो.

उजेड पोहोचतोय का, हे ताडायला कागद पुरतो. वहीचा पांढराशुभ्र कागद भिंगाखाली ठेवला की निळा ठिपका चमकला पाहिजे, कारण कागदातही शुभ्रक असतं. ठिपका एका कडेला झुकलेला असेल तर दिवा सरळ बसवावा. हे करताना नारिंगी ढाल लावलेली असावी. अतिनील प्रकाशाकडे उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नये.

2021च्या उन्हाळ्यात, कोविडच्या मागोमाग म्युकरमायकोसिस आला, तेव्हा या साऱ्याचं मोल कळलं. म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, त्यांत आडवे पडदे जवळपास नसतात. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पडदे असलेले, साधारण 45 अंशांत फुटणारे. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल त्याच्यावर चालत नाही. पडदे दिसायचे तर चित्र उजळ हवं. मंद चित्रात दोन्ही सारखेच भासतात.

कापूसही फसवतो. कॅल्कोफ्लूर सेल्युलोजलाही धरतो, त्यामुळे गॉजमधून आलेला कापसाचा तंतू झगझगीत चमकतो. तो पिळलेला असतो, त्याला फांद्या फुटत नाहीत, आत पडदे नसतात. शंका आली की नमुना पुन्हा मागवायचा, आणि या वेळी पट्टीला कापूस लावू नका म्हणून सांगायचं.