मैदान आणि मोबदला (भाग ४) : कमाईची मुभा, दुखापतीचा भार

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंनी पैसे मिळवावेत की नाही, या वादाचा निकाल लागला असं आता सर्रास मानलं जातं. त्याला आधारही आहे. १ जुलै २०२१पासून या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिराती घेता येतात. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा पैसा त्यांच्या हक्काचाच होता, हे गेल्या भागात पाहिलं. पण पैसे मिळवण्याची परवानगी वेगळी आणि काम करणाऱ्याचे हक्क वेगळे. हे हक्क खेळाडूंना अजून मिळालेले नाहीत, आणि खेळाडू जायबंदी झाला की ती उणीव उघडी पडते.

या नकाराचं मूळ जुनं आहे. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा फुटबॉलपटू डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या पत्नीने कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये ती फेटाळली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, हे त्याचं एक कारण. त्या कॉलेजापुरतं ते तेव्हा खरं असेलही. पण २०१०मध्ये एनसीएए या नियामक संघटनेने पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले. अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक. याला धंदा नाही तर काय म्हणायचं? १९५१ ते १९८७ एनसीएएचा कारभार पाहणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनी हौशीपणाचे नियम कडक केले होते. १९९५मध्ये आपल्या पुस्तकात त्यांनीच त्या व्यवस्थेवर कठोर टीका केली.

शिष्यवृत्ती हाच मोबदला नाही का, असं विचारलं जातं. फी, राहणं, जेवण यांची किंमत मोठी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण १९७३पासून कित्येक वर्षं ही शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे आणि गुडघा गेलेल्या मुलाला ती पुढे मिळणं प्रशिक्षकाच्या मर्जीवर राही. नियम आता सुधारले आहेत. २०२४पासून खेळ सुटल्यावरही दोन वर्षं खेळातल्या दुखापतींच्या उपचारखर्चाची सोय आहे. ती स्वागतार्ह आहे, पण अपुरी. मेंदूला वारंवार बसलेल्या हादऱ्यांचे परिणाम कधीकधी दशकांनंतर दिसतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुतेक विद्यापीठांचे क्रीडाविभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत, आणि जिथे फुटबॉलला बरकत आहे तिथे त्यावर जलतरण, कुस्ती आणि महिलांचे संघ जगतात. सगळ्यांना कर्मचारी मानलं तर हेच संघ आधी बंद पडतील. ही भीती खरी आहे. मात्र २०२३मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने एका प्रशिक्षकाला हटवताना ७ कोटी डॉलरहून अधिक देणं पत्करलं, तेव्हा कुस्तीच्या संघाची काळजी कोणी केली नव्हती. महिलांचे खेळ कायम आश्रितच राहणार, हेही गृहीत धरू नये: २०२४चा महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला, पुरुषांच्या सामन्यापेक्षा जास्त. शिवाय सगळ्यांना एकाच मापात बसवण्याची गरज नाही. जुलै २०२४मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की खेळाडू हौशी म्हणवला जातो एवढ्यावरून त्याला कर्मचाऱ्याचा दर्जा नाकारता येणार नाही. त्याचं काम कोणाच्या ताब्यात, मुख्यतः कोणाच्या फायद्यासाठी आणि कशाच्या बदल्यात चालतं, ते पाहावं. या कसोटीवर लहान कॉलेजातली जलतरणपटू आणि टीव्हीवर झळकणारा फुटबॉलपटू वेगळे ठरू शकतात.

भारतातून टेनिस किंवा जलतरणाच्या शिष्यवृत्तीवर तिथे जाणाऱ्या मुलांना विद्यार्थी व्हिसाच्या अटींमुळे जाहिरातींची कमाई करणं फार अवघड आहे. त्यांच्यासाठी तर उपचारांचा आणि भरपाईचा हक्क जाहिरातींच्या मुभेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. व्हिसाचे नियम त्यांना नेमके कुठे अडवतात, ते पुढच्या भागात पाहू.