पाचशेची नोट आणि एमएसडब्ल्यूचा फंडा

‘एमएसडब्ल्यू? म्हणजे शबनम बॅग, खादीचा कुर्ता आणि पगाराच्या नावाने बोंब!’ माझी मैत्रीण बँकेतली नोकरी सोडून सोशल वर्कमध्ये पोस्ट ग्रॅज्युएशन करायला निघाली, तेव्हा आमच्या ग्रुपची ही रिअ‍ॅक्शन होती. मीही हसले होते. ‘समाजसेवेला डिग्री कशाला? मन मोठं पाहिजे, बस्स!’

मग एकदा तिच्या फिल्डवर्कला सोबत गेले. नाग नदीकाठची वस्ती. एका बाईचा दहा वर्षांचा मुलगा शाळा सोडून घरी बसलेला. तिची कहाणी ऐकून माझे डोळे भरले आणि मी पर्समधून पाचशेची नोट काढली. मैत्रिणीने हळूच माझा हात दाबला आणि त्या बाईला विचारलं, ‘ताई, शाळेत नेमकं काय म्हणाले?’

पाऊण तास ती फक्त ऐकत होती. शेवटी कळलं, की अडचण पैशांची नव्हतीच. गावच्या शाळेची टीसी नव्हती, म्हणून इथे अ‍ॅडमिशन अडली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार टीसी नाही म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. तिने हे समजावलं आणि म्हणाली, ‘मुख्याध्यापकांशी तुम्हीच बोला, मी सोबत येते.’

‘तूच का नाही बोलत?’ परतताना मी विचारलं.

‘पुढच्या वेळी मी नसेन ना!’

यालाच केसवर्क म्हणतात. फेलिक्स बिस्टेक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५७ मध्ये त्याची सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक म्हणजे, निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. घरी आल्यावर तिने सगळं संभाषण लिहून काढलं, स्वतःच्या चुकांसकट!

कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघ सुरू केला. इतकी वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्या या संस्थेने १९५८ मध्ये सोशल वर्कचं कॉलेज काढलं. नुसत्या मोठ्या मनाने भागलं असतं, तर काढलं असतं का?

पगार? बँकेपेक्षा कमीच, ती खोटं बोलत नाही. पण तो मुलगा आता शाळेत जातो. आणि माझी पाचशेची नोट? तिच्यावर आम्ही दोघींनी तर्री-पोहे खाल्ले.