आवाज राखून ठेवताना : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

घरातल्या थोरल्या माणसाचा आवाज नोंदवून ठेवायला हवा होता, ही हळहळ बहुतेक घरांत ऐकू येते. माझ्याही घरात आहे. आजीच्या ओव्यांची चाल आम्हा भावंडांना आठवते, शब्द निम्मेच आठवतात आणि तिचा आवाज तर कुठेच नाही. घरात टेपरेकॉर्डर होता. पण रेकॉर्डिंग म्हणजे स्टुडिओत, नावाजलेल्या गायकांचं, असं सगळ्यांच्याच डोक्यात बसलं होतं. म्हणूनच ध्वनिमुद्रणाविषयीचे काही समज एकदा नीट तपासून पाहू.

गैरसमज : आवाजाची पहिली नोंद एडिसनने केली.

वस्तुस्थिती : ती त्याआधीच फ्रान्समध्ये एदुआर-लेऑन स्कॉट द मार्तिनव्हिल यांनी केली होती. त्यांच्या यंत्राचं पेटंट १८५७ चं. कर्ण्यात बोललं की त्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि पडद्याला लावलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढे. ही रेघ फक्त डोळ्यांनी पाहायची होती, ऐकायची सोय नव्हती. एप्रिल १८६० मध्ये अशी रेघ उमटवलेलं एक फ्रेंच लोकगीत २००८ मध्ये संशोधकांनी संगणकाच्या मदतीने पुन्हा ऐकवलं. सुरुवातीला वेग चुकीचा धरल्यामुळे तो मुलीचा आवाज वाटला. वेग सुधारल्यावर तो पुरुषाचा, बहुधा खुद्द स्कॉट यांचाच, असल्याचं लक्षात आलं. एडिसनने १८७७ मध्ये केलं ते वेगळं आणि फार मोठं काम होतं. त्याने सुईने धातूच्या पातळ वर्खावर खाचा पाडल्या आणि त्याच खाचांमधून सुई पुन्हा फिरवून आवाज परत मिळवला.

गैरसमज : घरच्या घरी रेकॉर्डिंग करणं मोबाइलमुळे शक्य झालं.

वस्तुस्थिती : ही सोय सुरुवातीपासून होती, मधल्या काळात ती हातातून गेली. मेणाच्या नळकांड्यावर चालणाऱ्या फोनोग्राफवर ऐकता यायचं आणि नोंदवताही यायचं. संगीतकार बेला बार्तोक १९०६ पासून हंगेरीतल्या खेड्यांमध्ये हे यंत्र घेऊन फिरले आणि शेतकऱ्यांची गाणी त्यांनी मेणावर उतरवून घेतली. तबकडीचं तंत्र एमिल बर्लिनर यांचं, पेटंट १८८७ चं. एका साच्यातून हजारो तबकड्या काढता येत, त्यामुळे गाणं घरोघरी पोचलं. पण विकत आणलेला ग्रामोफोन नुसता ऐकवायचा, तुमचा आवाज घ्यायचा नाही. सामान्य माणूस श्रोता झाला तो इथे. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ मध्ये आली, आणि पुढे घराघरांत पोचलेल्या टेपरेकॉर्डरच्या लाल बटणाने गेलेली सोय परत आणून दिली.

गैरसमज : भारतात पहिलं रेकॉर्डिंग गौहर जान यांचं.

वस्तुस्थिती : काही हिंदुस्थानी माणसांचे आवाज १८९९ मध्येच लंडनमध्ये तबकडीवर घेतले गेले होते. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आले, तेव्हा नोव्हेंबरात त्यांच्या कर्ण्यापुढे आधी गायल्या त्या तिथल्या रंगभूमीवरच्या शशिमुखी आणि फणिबाला. गौहर जान त्यानंतर काही दिवसांनी आल्या. कीर्ती मात्र त्यांना मिळाली आणि ती त्यांच्या गाण्याच्या जोरावर मिळाली. गाणं संपताना त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळायला हवं होतं. त्या तबकड्यांना लागणारी लाख मात्र हिंदुस्थानातून जात असे.

गैरसमज : जुन्या रेकॉर्डवर ऐकू येतं तसंच ते गवई मैफलीत गात.

वस्तुस्थिती : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत. मैफलीत तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवावा लागे. १९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन येईपर्यंत तर कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावं लागे, हळुवार जागा त्यात उमटतच नसत. म्हणून तबकडीवरून त्या पिढीचं मोजमाप करणं अन्यायाचं ठरेल. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ पासून ती व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अंतराळात प्रवास करते आहे. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांची मात्र एकही तबकडी नाही.

गैरसमज : नोंदवून ठेवावं असं गाणं फक्त नावाजलेल्यांचं.

वस्तुस्थिती : १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या कंपन्यांनी भीमगीतं, कोळीगीतं, गावोगावची भजनं बाजारात आणली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना विचारलंही नसतं, असे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीत वाजू लागले. त्याहून मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी उभं केलं. त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने त्या आता सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत.

गैरसमज : चांगल्या रेकॉर्डिंगला महागडा स्टुडिओच लागतो.

वस्तुस्थिती : कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे घेता येतील असं घरगुती यंत्र १९७९ मध्ये आलं. त्यावर ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरी बसून केलेल्या नोंदी म्हणजेच १९८२ चा गाजलेला ‘नेब्रास्का’ अल्बम. बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. स्टुडिओचं खरं बळ शांततेत आहे, आणि ती थोडीफार घरीही साधते. पंखा बंद करा. रिकाम्या, घुमणाऱ्या खोलीऐवजी गाद्या-पडदे असलेली खोली निवडा. फोन हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. आणि नोंद झाली की लगेच तिच्या आणखी दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. शंभर वर्षांपूर्वीची लाखेची तबकडी आजही सुईखाली बोलते, पण हरवलेल्या फोनमधला आवाज परत मिळत नाही.

गेल्या दिवाळीत मी मावशीसमोर असाच फोन ठेवला. आजीच्या सात ओव्या तिला पूर्ण येत होत्या. आठवीत ती अडली, दोनदा पहिली ओळ म्हणून पाहिली आणि म्हणाली, “थांब, हात फिरल्याशिवाय नाही आठवायची.” मग मांडीवर मूठ धरून तिने जातं ओढल्यासारखा हात फिरवला, आणि ओवी आली.