मेरिनोच्या घडीतली माशी

ऑस्ट्रेलियात पाऊस पडून गेला आणि हवा उबदार झाली की मेंढपाळांची नजर कळपातून वेगळ्या पडलेल्या मेंढ्या शोधू लागते. अशी मेंढी धड चरत नाही, पाय आपटते, मान वळवून शेपटीकडची लोकर चावत राहते. लोकर बाजूला सारली की खाली अळ्यांचा वळवळता थर दिसतो.

लुसिलिया क्युप्रिना ही तांब्याची झाक असलेली हिरवी माशी तिथल्या मेंढ्यांवर बहुतेक वेळा पहिला हल्ला करते. मलमूत्राने भिजलेल्या लोकरीचा वास तिला ओढून आणतो. मादी एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालते आणि ती साधारण दिवसभरात फुटतात. अळ्या तोंडातल्या आकड्यांनी कातडी खरवडतात. चिघळलेल्या जखमेच्या वासाने आणखी माश्या येतात, अमोनियासारखी विषं रक्तात भिनतात आणि उपचार न झाल्यास मेंढी काही दिवसांतच दगावते.

पण माशीला ही जागा माणसानेच करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या व्हर्माँटहून अंगभर घड्या असलेले मेरिनो मेंढे आणले गेले. कातडी जास्त तर लोकरही जास्त, असा हिशेब होता. त्या घड्यांत घाम आणि लघवी मुरत राहिली.

मग १९३०च्या दशकात साउथ ऑस्ट्रेलियातल्या जॉन म्यूल्स यांची पद्धत पुढे आली: कोकराच्या शेपटीभोवतीची कातडी कापून काढायची, म्हणजे तिथे लोकर न उगवणारा ताठ व्रण राहतो. उपाय लागू पडला. मात्र अनेक दशकं तो भूल न देताच होत राहिला, आणि हे समर्थनीय नाही. न्यूझीलंडने २०१८मध्ये त्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात तो अजून चालतो.

औषधांचा भरवसाही अपुरा. संग्रहालयांत टाचून ठेवलेल्या जुन्या माश्या तपासल्यावर मॅलाथिऑनला दाद न देणारा जनुकीय बदल ते औषध वापरात येण्याआधीच्या माश्यांतही सापडला. फवारणीने फक्त त्यांचं फावलं. आता डायसायक्लॅनिल या नव्या औषधालाही न जुमानणाऱ्या माश्या आढळल्या आहेत.

घड्यांचा गुण आईबापांकडून कोकरांत उतरतो, त्यामुळे खात्रीचा रस्ता पैदाशीतूनच जातो. सपाट कातडीचे, शेपटीखाली कमी लोकर असलेले मेंढे निवडणारे कळप आज ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांच्या कोकरांना म्यूल्सची कात्री लागत नाही. मागच्या भागाची लोकर वेळेवर कातरणं आणि पावसानंतर रोज कळपावर नजर ठेवणं मात्र त्यांच्या मालकांनाही चुकलेलं नाही.