ग्लॅडिओलस: फुले तोडली, आता कंद सांभाळा



ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या ग्लॅडिओलसची तोडणी बहुतेकांची संपत आली आहे. शेवटची गड्डी गुलटेकडीला नाहीतर दादरला गेली की प्लॉटचं पाणी तोडायचं आणि पुढच्या पिकाची तयारी करायची, असं सर्रास होतं. या पिकात सगळ्यात मोठा खर्च कंदाचा असतो, आणि पुढच्या वर्षीचा कंद आत्ता, फुले गेल्यावरच भरतो. म्हणून आणखी दीड-दोन महिने प्लॉट मोडू नका.

एक झाड उपटून बघा. तुम्ही लावलेला कंद खाली सुकून चपटा झालेला दिसेल. त्याच्या वर नवीन कंद तयार होतोय आणि भोवती हरभऱ्याएवढी पिल्लं लागलीत. या नवीन कंदाला अन्न पुरवतात ती पानं. म्हणूनच दांडा कापताना *झाडावर 4 ते 5 पानं राहिलीच पाहिजेत*. दांडा लांब दिसावा म्हणून कोणी पार बुडातून कापतं. त्या गड्डीला चार पैसे जास्त मिळतील, पण कंद बारीक राहतो आणि पुढच्या हंगामात दांडा आखूड निघतो. ज्यांची तोडणी चालू आहे त्यांनी मजुरांना हे आजच सांगा.

तोडणीनंतर वाफसा राहील इतपत हलकं पाणी चालू ठेवा. युरिया टाकून पाला हिरवागार करण्यात अर्थ नाही. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करा. एखादं झाड उकरून पिल्लं बघा, साधारण पाव भाग पिल्लं तपकिरी झाली असतील तर कंद काढायला आले.

इथे एक फरक ओळखा. सगळा प्लॉट हळूहळू पिवळा होतोय तर ते पक्व होणं आहे. पण मधेच चार-पाच झाडं आधी पिवळी पडून वाळली आणि कंदावर तपकिरी, दबलेले डाग असले तर ती मर आहे. असे कंद वेगळे काढून जाळून टाका. 'बियाण्याला चालतील' म्हणून ठेवू नका. रोग कंदाबरोबरच दुसऱ्या रानात जातो. त्या जागेवर लगेच पुन्हा ग्लॅडिओलसही नको.

कंद कुदळीने बाजूने उकरून काढा, ओढू नका. जखम झालेला कंद साठवणीत आधी सडतो. पाला कापा, माती झटका आणि हवेशीर सावलीत 2-3 आठवडे पातळ पसरून वाळवा. उन्हात नको. वाळल्यावर खालचा जुना कंद हाताने सहज सुटतो, तो काढून टाका. वरची साल मात्र राहू द्या, ती लावणीच्या वेळीच सोलायची.

मग 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॅप्टन घेऊन त्यात कंद अर्धा तास बुडवा आणि पुन्हा सावलीत पूर्ण कोरडे करा. हातमोजे घाला. ओले कंद पोत्यात भरले तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते.

भरताना जात वेगळी, आकार वेगळा. 'फुले गणेश'मध्ये 'फुले प्रेरणा' मिसळली की पुढे गड्डी एकसारखी होत नाही. 4 सें.मी.च्या पुढचे कंद फुलासाठी ठेवा. पिल्लंही टाकू नका. ती वेगळ्या वाफ्यात वाढवली तर एक-दोन हंगामांत फुलाचा कंद मिळतो, विकत घ्यावा लागत नाही.

काढलेला कंद लगेच लावला तर उगवत नाही, त्याला साधारण 3 महिने विश्रांती लागते. शीतगृहात 7 ते 8 अंश सेल्सिअसला ही विश्रांती नीट होते आणि उगवण एकसारखी येते. घरात पत्र्याखाली एप्रिल-मेच्या उष्म्यात कंद सुकतात, शिवाय सालीखाली लपलेले फुलकिडे वाढतात.

ज्यांना कंद एकत्र शीतगृहात ठेवायचे आहेत त्यांनी गावाचं नाव, जात आणि अंदाजे किती क्रेट होतील ते ग्रुपवर लिहा. मर वाटत असेल तर उकरलेल्या कंदाचा, उभा कापून, फोटो पाठवा. नुसत्या पानांच्या फोटोवरून नक्की सांगता येत नाही.